वरवंट्याचं बारसं

मनोरीच्या अनंता तांडेलला एक खोड होती. कुणाच्याही घरी गेला की तो टीव्हीच्या पुढे बसायचा नाही, आधी टीव्हीच्या मागे जायचा. घरातली बाई चहा टाकेपर्यंत हा भिंत आणि टीव्ही यांच्यामधल्या फटीत मान खुपसून मागची पट्टी वाचत असायचा. मग बाहेर यायचा, केसांतली जळमटं झटकायचा आणि खाली मान घालून सांगायचा, "सिंगल सिस्टम हाय." आवाज असा, की घरातल्या कर्त्या माणसाचा एक्स-रे वाईट आलाय असं वाटावं. लोकांनी त्याचं नावच 'सिस्टम' ठेवलं होतं आणि त्यालाही ते आवडायचं.

तसा तो कोळ्याचा पोर. बापाची बोट, काकाची बोट, मामाची बोट. पण ब्रह्मदेवाला कधी कधी गंमत सुचते. या कोळ्याच्या पोराला बोट लागायची. पहिल्या वेळी सगळे हसले. पुढच्या वेळी बापानं चोखायला लिंबू दिलं. मग एकदा तो भरल्या जाळ्यावरच ओकला, तेव्हा बापानं हात जोडले आणि "तू जमिनीवरच रहा रं बाबा," म्हणून सोडून दिलं. त्याची आई पुतळाबाई ही गोष्ट अजूनही आल्यागेल्याला सांगायची आणि सांगताना ओकण्याचा आवाजही काढायची.

जमिनीवर राहून अनंता वायरिंग शिकला. लग्न केलं, आणि मग काही वर्षं बहारीनला जाऊन आला, अर्थात विमानानं. येताना एक मोठा, कुठल्याही देशाची कॅसेट दाखवणारा मल्टी सिस्टम टीव्ही, तसलाच व्हीसीआर आणि खांद्यावर घ्यायचा व्हिडिओ कॅमेरा घेऊन आला. एशियाड होऊन गेलं होतं, रंगीत टीव्ही घराघरांत शिरत होते, आणि लग्नात भटजी उशिरा आला तरी चालेल पण व्हिडिओवाला वेळेवर हवा, असे दिवस आले होते. अनंतानं बोरीवली पश्चिमेला एक गाळा घेतला. पुढे कॅसेटी भाड्यानं द्यायच्या, मागे पडदा लावून एक छोटी खोली. अनंताचं खरं राज्य त्या मागच्या खोलीत होतं.

त्याचं असं होतं. बोरीवलीतल्या सोसायट्यांतली मुलं तेव्हा अमेरिकेला जायला लागली होती. तिकडे त्यांना मुलं व्हायची, ती रांगायला लागायची, आणि त्याच्या कॅसेटी इकडे आजी-आजोबांकडे यायच्या. आजोबा हौसेनं कॅसेट व्हीसीआरमध्ये सरकवायचे, शेजारीपाजारी गोळा झालेले असायचे, आणि पडद्यावर नुसत्या काळ्या-पांढऱ्या रेघा नाचायच्या. मग कुणीतरी सांगायचं, सिस्टमकडे जा.

अनंता त्यांना समजावून सांगायचा. "काका, आपल्याकडे चालते ती पाल, अमेरिकेत चालते ती एनटीएससी. आपलं चित्र सेकंदाला पंचवीस वेळा हलतं, त्यांचं तीस वेळा. आता सांगा, एका होडीत एकानं पंचवीस वल्ही मारली आणि दुसऱ्यानं तीस, तर होडी कुठे जाईल? गोल गोल!" पुतळाबाईनं हे ऐकलं तेव्हा तिला एवढंच कळलं की आपल्या टीव्हीत पाल असते. पुढे बरेच दिवस ती टीव्ही लावायच्या आधी त्याच्यावर चप्पल आपटायची.

मग अनंता काका-काकूंना मागच्या खोलीत बसवायचा, मल्टी सिस्टमचं बटण फिरवायचा, आणि रेघांमधून एकदम एक गोरंगोमटं नातवंड तोंडात रबरी चोखणी घेऊन बाहेर यायचं. काकू पडद्याला हात लावायच्या. काका चष्मा पुसायचे. अनंता दारात हाताची घडी घालून उभा राहायचा, जसं काही ते मूल त्यानंच आणून दिलंय.

या खोलीत आणखी एक प्रेक्षक असायचा. अनंताची बायको कमळ. ती बोरीवलीच्या बाजारात मासे विकायची. टोपली रिकामी झाली की दुकानावर यायची, आणि कुणाची कॅसेट चालू असेल तर पडद्याआडून मागे उभी राहायची. कोलंबीच्या वासानं काकू नाक मुरडायच्या, पण ती हलायची नाही. लोकांची नातवंडं ती टोपली कडेवर धरून बघायची. कमळला मूल नव्हतं. डॉक्टर झाले, नवस झाले, पुतळाबाईनं सांगितलेली सगळी मुळं उगाळून झाली, आणि आता केसांत पांढरं दिसायला लागल्यावर तो विषय घरात कुणी काढत नव्हतं. अनंता तर मुळीच नाही. त्याला दुसऱ्याच्या टीव्हीतला दोष चटकन सांगता यायचा, पण बायकोला दोन मायेचे शब्द बोलायचे म्हटले की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

आणि अशात एक दिवस बातमी आली. कमळचा धाकटा भाऊ चंद्रप्रकाश याला न्यू जर्सीला मुलगी झाली.

या चंद्रप्रकाशला कमळनंच वाढवलेलं. आई लवकर गेली. कमळ त्याला कडेवर घेऊन बाजारात बसायची, एका हातानं वाटे लावायची, दुसऱ्या हातानं त्याचं नाक पुसायची. तो शिकला, इंजिनीअर झाला, अमेरिकेला गेला, पण ताईला विसरला नाही. अनंताच्या दुकानावर फोन करून तो पहिलं वाक्य बोलला ते हे, "ताई, आत्या झालीस. नाव तूच ठेवायचं."

कमळनं रिसीव्हर खाली ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाइकाच्या हातात, मागितलं नसताना, आपल्या डब्यातला लाडू ठेवला. नाव आत्यानं ठेवायचं, बाळाच्या कानात आधी आत्यानं सांगायचं, मग जगाला कळायचं, ही रीत. स्वतःच्या मुलाचं नाव ठेवायचं तिच्या नशिबात नव्हतं. आता हे एक नाव तरी तिच्या वाट्याला आलं होतं, आणि ते तिला कुणाला म्हणजे कुणालाही द्यायचं नव्हतं.

पण मनोरी कुठे, न्यू जर्सी कुठे. व्हिसा काढून विमानात बसणाऱ्यांतली ती बाई नव्हती. तिचं तोंड उतरलेलं बघून अनंताची छाती फुगली. सगळ्या आळीसमोर तो म्हणाला, "आत्या इथून बोलंल आणि पोरगी तिथं ऐकंल. सिस्टम कशाला बसलाय इथं?"

ठरलं. अनंतानं बारसं इथेच करून त्याची कॅसेट पाठवायची. मनोरीच्या घराच्या ओटीवर पाळणा टांगला, त्याला झेंडूच्या माळा सोडल्या. आळीतल्या बायका नऊवारी नेसून, वेणी माळून आल्या. पण पाळण्यात घालायचं काय? रिकामा पाळणा हलवायचा नसतो. तेव्हा पुतळाबाई स्वयंपाकघरातून वरवंटा घेऊन आली. तशीही बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्यात निजवायची पद्धत आहेच. फरक इतकाच, की इथे वरवंट्याच्या मागून बाळ येणार नव्हतं. वरवंट्यालाच सगळं भूषवायचं होतं. त्याला टोपडं घातलं, काजळाचा टिळा लावला. पाळण्याच्या वरून आणि खालून फिरवला. बायकांनी पाळणा म्हटला. मग कमळ वाकली, हाताचा आडोसा केला, टोपड्याच्या ज्या बाजूला कान असायला हवा त्या बाजूला तोंड नेऊन कुर्र केलं, आणि नाव सांगितलं. बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. "काय गो नाव?" सगळ्यांनी विचारलं. कमळ म्हणाली, "तिला कळू दे, मग तुमाला."

अनंतानं हे सगळं टिपलं. कधी ओट्यावर चढून, कधी पायरीवर झोपून. कॅसेटीच्या सुरुवातीला फुलांच्या पाकळ्या उघडतात आणि त्यातून आत्याचा फोटो बाहेर येतो असं काहीतरी त्यानं तयार केलं, आणि त्या पाकळ्यांवर तो इतका खूश झाला की आठवडाभर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्यानं तेवढा तुकडा दाखवला. मग अमेरिकेला निघालेल्या एका गिऱ्हाइकाबरोबर कॅसेट गेली.

फोन आला तेव्हा कमळ दुकानातच होती.

"भावजी," चंद्रप्रकाश म्हणाला, "कॅसेट लावली. सगळी मंडळी बोलावली होती. पडद्यावर नुसत्या रेघा, आणि बायका उंदरासारख्या चीं चीं करतायत."

"अरे, ती पाल हाय. मल्टी सिस्टमवर लाव ना."

"मल्टी सिस्टम म्हणजे?"

अनंता स्टुलावर बसला. बहारीनला घरोघरी मल्टी सिस्टम होते. अमेरिका तर बहारीनपेक्षा केवढी मोठी. तिथे ते मिळणार नाहीत असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ज्या माणसानं रोज लोकांना दोन सिस्टमांचा फरक समजावून सांगितला, तो स्वतःच्या वेळेला अमेरिकेत सगळंच असतं असं धरून चालला होता.

कमळनं त्याच्या हातातून रिसीव्हर घेतला. चंद्रप्रकाश म्हणाला, "ताई, आता फोनवरच सांगून टाक नाव."

"फोनवर मयताची खबर देतात. नाव देत नाय."

"अगं, पण कागदावर अजून नुसतं बेबी लिहिलंय. आणि सासूबाई या महिन्याच्या शेवटी पुण्याला परत निघाल्यात. त्या म्हणतात, किती दिवस थांबायचं, मावशी आहे ना इथेच न्यूयॉर्कला, ती ठेवेल. मी त्यांना कसंतरी थांबवलंय, पण महिन्याच्या पुढे जमणार नाही बघ."

मावशी! कमळनं फोन ठेवला. टोपली उचलली आणि बाहेर पडली. नवऱ्याला एक शब्द बोलली नाही. ती भांडली असती तर अनंताला बरं वाटलं असतं. त्या दिवशी मनोरीला परतताना, तरीच्या होडीतून खाडी ओलांडताना ती एका टोकाला बसली आणि तो दुसऱ्या टोकाला, आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच त्याला त्या एवढ्याशा पाण्यात पुन्हा बोट लागली.

पुढचे दिवस अनंता वेड्यासारखा फिरला. पालची एनटीएससी करणारं यंत्र शहरात कुठेतरी आहे म्हणे, पण ज्याला विचारावं तो दुसऱ्याचं नाव सांगायचा आणि तो दुसरा परत पहिल्याचं. दुकानातली पाकळ्यांची जाहिरात बंद झाली होती. इकडे घरात पुतळाबाई चटणी वाटताना वरवंट्याशी बोलायची, "तुझा बाप काय करतो बघ, तुझं नाव पण नीट पोचवता येईना त्याला." हे ऐकून कमळला हसू यायचं, पण ते ती पदरात लपवायची.

महिना संपत आला, आणि अनंताचं नशीब उघडलं. मागच्या खोलीत नातवंडं बघायला नेहमी येणाऱ्या एका काकूंची मुलगी मृणालिनी शिकागोहून माहेरी आली होती. ती आईबरोबर दुकानात आली तेव्हा तिच्या खांद्याला एक कॅमेरा लटकत होता. अनंता त्याच्याही मागे गेला. म्हणजे मृणालिनीच्याच मागे गेला, कारण कॅमेरा तिच्या खांद्यावर होता. ती दचकून वळली. अनंतानं पट्टी वाचली होती.

"एनटीएससी!" तो ओरडला.

मृणालिनी उद्याच परत जाणार होती. पण बाई मनमोकळी. सगळी हकीकत ऐकली आणि म्हणाली, "चला, अनंताभाऊ. मला मनोरी बघायचीच होती. कॅसेट मीच घेऊन जाते, उतरल्या उतरल्या न्यू जर्सीला पाठवते." फक्त एक अडचण तिनं सांगितली. चार्जर अमेरिकेच्या करंटचा आहे, इथे लावला तर धूर निघेल. बॅटरीत आहे तेवढ्यात भागवायला हवं.

"बास झालं तेवढं," अनंता म्हणाला. त्याच्या डोक्यात सगळा बेत तयार होता.

दुपारी मनोरीच्या घरात खिडक्यांना शिडाचं जुनं कापड लावून अंधार केला. घरचा टीव्ही मधोमध मांडला. त्याच्यावर पाकळ्यांची कॅसेट लावायची आणि तो पडदाच अमेरिकन कॅमेऱ्यानं टिपायचा, की झाली एनटीएससी! मृणालिनीनं मान डोलावली. तिला वाटलं, हा या धंद्यातला जाणकार, याला माहीत असणार. अनंताला वाटलं, ही अमेरिकेची, चूक असतं तर बोलली असती. दोघंही एकमेकांच्या भरवशावर घामाघूम होत उभे राहिले.

आधी पडद्यावर एक काळा पट्टा खालून वर सरकायला लागला. टीव्ही जरा लांब ठेवून पाहिला, तर पट्टा बारीक झाला, पण चित्र पापण्या मिचकावायला लागलं. काळं घोंगडं घेऊन अनंता कॅमेऱ्यासकट आत शिरला, तर पुतळाबाई दारातून म्हणाली, "अनंत्या, आत काय अंडी उबवतोस?" सगळे हसले आणि ते हसणंही कॅसेटीत गेलं. परत सुरुवातीपासून. पाकळ्या उघडल्या, आत्याचा फोटो आला, काळा पट्टा त्याच्या नाकावरून वर गेला. कॅमेऱ्यावरचा बारका लाल दिवा लुकलुकायला लागला.

"बॅटरी संपत आली," मृणालिनी म्हणाली.

एवढ्यात बाजारातून कमळ आली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. टोपली डोक्यावर, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हाताला मासळीचे खवले. अंधारात तिनं नवऱ्याला घोंगड्यात बघितलं, परक्या बाईला घाम पुसताना बघितलं, आणि टीव्हीवर स्वतःला टोपडं घातलेल्या वरवंट्यावर वाकताना बघितलं. टीव्हीतल्या कमळनं कुर्र केलं. पुढे नुसतीच खरखर.

"माझा आवाज कुठे गेला?" कमळनं विचारलं.

अनंता घोंगड्यातून बाहेर आला. कॅसेट मागे नेली, परत लावली, आवाज वाढवला. कुर्र, आणि खरखर. तिनं वरवंट्याच्या कानात सांगितलेलं वरवंट्यालाच ऐकू गेलं होतं. कॅमेऱ्याचा माइक तिथे पोचलाच नव्हता. म्हणजे अमेरिकेत कॅसेट नीट लागली असती तरीही नाव कुणाला कळलं नसतं. एवढ्या दिवसांत पाकळ्या शंभरदा बघणाऱ्या माणसानं हा तुकडा एकदाही आवाज देऊन ऐकला नव्हता.

अनंता तिथेच जमिनीवर बसला.

कमळनं टोपली खाली ठेवली. मग कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं.

"अवो, ही मशीन अमेरिकेची ना?"

"हो," अनंता म्हणाला.

"ही जे बघते ते अमेरिकेत दिसतं?"

"दिसतं ना. तेच तर."

"मग तिला टीव्ही कशाला दाखवताय? मलाच दाखवा की!"

मृणालिनीनं कपाळावर हात मारला आणि खो खो हसत सुटली. पुतळाबाईला नेमकं काय झालं ते कळलं नाही, पण मुलगा फजीत झालाय एवढं कळलं, तेवढ्यावर तीही हसली. अनंताला आधी राग आला, मग पाकळ्यांचं वाईट वाटलं, आणि मग स्वतःचं घोंगडं बघून तोही हसायला लागला. खरं तर त्याला बारसं पोचवायचं होतं त्यापेक्षा स्वतःचा पिक्चर वाचवायचा होता, आणि हे त्याला त्या घोंगड्यावर बसून पहिल्यांदा कळलं.

"लवकर करा," मृणालिनी म्हणाली, "दिवा बघा."

मग एकच धावपळ. शिडाचं कापड खेचून काढलं, उजेड आत आला. वरवंट्याला सकाळची लसणीची चटणी लागली होती, ती पुतळाबाईनं घाईघाईत पदराला पुसली. टोपडं सापडेना, तेव्हा अनंताचा रुमाल बांधला. नऊवारी नेसायला, वेणी माळायला वेळ नव्हता. शेजारच्या ज्या दोघी-तिघी हाकेला आल्या त्या जशा होत्या तशा उभ्या राहिल्या, एकीच्या हाताला पीठ होतं. पाळणा एकाच कडव्यात उरकला.

मृणालिनीनं कॅमेरा अनंताच्या खांद्यावर दिला, कॅमेऱ्यात जाणारा आवाज ऐकायची दुधी रंगाची गुंडी त्याच्या कानात बसवली, आणि कमळला पुढे घेऊन कॅमेऱ्याच्या तोंडाशी असलेली स्पंजची काळी बोंडी दाखवली. "हा याचा कान. जे सांगायचं ते इथे सांगा. तिकडे तुमच्या भाचीला ऐकू जाईल."

कमळनं हात लुगड्याला पुसले. ती जवळ आली, इतकी जवळ की अनंताला काचेतून तिच्या कपाळावरचं कुंकू आणि घामानं चिकटलेले केस तेवढे दिसत होते. तिनं त्या काळ्या बोंडीला, बाळाच्या कानाला करावा तसा, तळहाताचा आडोसा केला. कुर्र केलं.

आणि नाव सांगितलं. "उत्तरा."

ते फक्त अनंताला ऐकू गेलं. त्याच्या कानातल्या गुंडीतून, अगदी जवळून.

लग्न झालं त्या वर्षी, कार्तिकात, दोघं पहिल्यांदा तरीतून खाडीपलीकडच्या मार्वेला निघाले होते. उत्तरेचा वारा सुटला होता, थंड, आणि कोळ्याला आवडतो तसा भरवशाचा. याला बोट लागू नये म्हणून नवी नवरी याला गोष्टीत गुंतवत होती. मुलगी झाली तर नाव काय ठेवायचं, तिनं विचारलं होतं. वाऱ्याकडे तोंड करून, ओकारी दाबत, हा म्हणाला होता, उत्तरा. ती हसली होती. पुन्हा कधी त्या नावाचा विषय निघाला नाही. अनंताला वाटलं होतं, ती ते कधीच विसरून गेली असेल.

दिवा विझला. कॅमेरा बंद पडला.

"काय गो नाव? सांग तरी," पीठवाल्या बाईनं विचारलं.

"तिला कळू दे," कमळ म्हणाली, "मग तुमाला."

अनंता कॅमेरा खांद्यावर तसाच घेऊन वळला आणि मागच्या दारानं पडवीत गेला. बॅटरी बघतो म्हणाला. बराच वेळ बघत होता.

मृणालिनी शब्दाला जागली. काही आठवड्यांनी न्यू जर्सीहून एक कॅसेट दुकानावर आली. या वेळी मागच्या खोलीत काकूंना मागे बसवलं आणि कमळला पुढे. पुतळाबाई खास बोरीवलीला आली होती, आणि येताना वरवंटा घेऊन आली होती, कारण त्याचंही बारसं होतं असं तिचं म्हणणं. अनंतानं बटण फिरवलं.

रेघा सरकल्या आणि एक मोठं घर दिसलं. खूप माणसं. चंद्रप्रकाशनं रेशमी टोपडं घातलेली चिमुरडी हातात धरली होती. त्यांच्या टीव्हीवर मनोरीची ओटी आली, पिठाचे हात आले, रुमाल बांधलेला वरवंटा आला. तिकडची माणसं हसली. मग पडदाभर कमळचा चेहरा आला. चंद्रप्रकाश पुढे झाला आणि त्यानं मुलीचा कान अलगद टीव्हीच्या स्पीकरला लावला. कुर्र झालं. मुलीनं डोळे मोठे केले.

मग त्या घरातली माणसं एका आवाजात ओरडली, आजी ओरडली, आणि न्यूयॉर्कची मावशी तर सगळ्यांत मोठ्यानं ओरडली, "उत्तरा!"

कमळ उठली आणि तिनं पडद्यावरच्या मुलीच्या गालाला हात लावला. मासळीच्या वासाची कुणालाच आठवण झाली नाही. मागच्या काकूच आता डोळे पुसत होत्या.

तेवढ्यात कॅसेटीत चंद्रप्रकाशचा आवाज आला. "भावजी, सगळं झकास दिसलं. पण ताईनं नाव सांगितलं आणि चित्र एकदम थरथरायला लागलं बघा. कॅमेरा बिघडला होता की काय?"

कमळ वळली. दारात हाताची घडी घालून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे तिनं बघितलं.

"का वो," ती म्हणाली, "तो काय विचारतोय? हात का हलला तुमचा?"

अनंतानं घसा खाकरला. टीव्हीच्या मागे जाऊन उगाच एक वायर दाबली.

"माझा कशाला हलंल?" तो तिथूनच म्हणाला. "अमेरिकेची सिस्टमच तशी हाय."

"हो का," म्हणाली कमळ. आणि तीही टीव्हीच्या मागे, त्या फटीत, त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.